या चुका टाळा: सर्व मुलांची शाळा चालवताना मुख्याध्यापकांच्या नजरेतून काय निसटतं

शाळेत निरनिराळ्या भाषा बोलणारी, निरनिराळ्या धर्मांची आणि ऐपतीची मुलं शिकत असली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. निकालाच्या तक्त्यात तळाला ठरावीक गटातलीच मुलं. पालकसभेला ठरावीक घरांतून कुणीच नाही. शिक्षेच्या वहीत तीच ती नावं. आणि विचारलं तर शाळेतला प्रत्येक जण मनापासून सांगतो, "आमच्याकडे भेदभाव नाही."

ते खोटं बोलत नसतात. भेदभाव करायचाच म्हणून सहसा कुणी करत नाही. तो कामाच्या पद्धतीत मुरलेला असतो: प्रवेश अर्जाच्या रकान्यांत, वेळापत्रकात, तुकड्या पाडण्याच्या रीतीत, कुठला वर्ग कुणाला द्यायचा या निर्णयात. या सगळ्या कागदांवर सही मुख्याध्यापकांची असते. म्हणून हा लेख सही करणाऱ्यांसाठी आहे. मी स्वतः अनेक वर्षं ती सही केली, आणि खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या हातून झाल्या आहेत.

"सगळ्यांना सारखंच देतो, मग अन्याय कसला?"

ही चूक सर्वांत प्रामाणिक माणसांकडून होते. एकच पुस्तक, एकच शिक्षक, एकच प्रश्नपत्रिका. कुणाला कमी-जास्त केलंच नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात हाच युक्तिवाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. तिथल्या सरकारी शाळांत चिनी बोलणारी सुमारे १,८०० मुलं अशी होती की त्यांना इंग्रजी कळत नव्हतं आणि ते शिकवण्याची वेगळी सोयही नव्हती. १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्याचा निकाल लागला. ज्या मुलाला शिकवण्याची भाषाच कळत नाही, त्याला इतरांसारखी पुस्तकं, इतरांसारखे शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणून समान वागणूक मिळाली असं होत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

मराठीत आपण समानता आणि समता हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. शाळा चालवताना मात्र दोन्हींतला फरक धरून चालावं लागतं. सगळ्यांना सारखं देणं ही समानता. प्रत्येकाला शिकता येईल अशी तजवीज करणं ही समता. दुसरीसाठी कधी कधी एखाद्याला जास्त द्यावं लागतं, आणि तिथे मुख्याध्यापक कचरतात, कारण "त्यालाच का?" हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असतं.

यावर मला उपयोगी पडलेली एक सवय सांगते. नवा नियम काढताना सही करण्याआधी स्वतःला विचारायचं: हा नियम पाळायला कोणत्या मुलाला जास्त मोजावं लागेल? पैसे, वेळ की लाज? उशिरा येणाऱ्यांसाठी फाटक बंद करण्याचा नियम घ्या. वरवर पाहता तो सर्वांना सारखा. पण धाकट्या भावंडाला आधी सोडून मग स्वतःच्या शाळेत येणारी मुलगी रोज फाटकाबाहेर राहते, आणि गाडीतून येणारा मुलगा कधीच राहत नाही. घरच्या अभ्यासात पालकांची मदत गृहीत धरलेली असते तेव्हाही हेच होतं. शिक्षक ज्याला गुण देतात ते बऱ्याचदा आईवडिलांचं शिक्षण असतं. असा नियम रद्दच करावा असं नाही. त्यात सवलतीची वाट ठेवावी, आणि ती मागण्यासाठी मुलाला चारचौघांत हात वर करावा लागू नये.

संस्कृतीसाठी वर्षातून एक दिवस

पोशाख, नाच, खाण्याचे पदार्थ, भिंतीवर झेंडे. मुलांना हा दिवस आवडतो, म्हणून तो बंद करा असं मी म्हणणार नाही. गडबड अशी की या एका दिवसावर शाळा समाधान मानते. मूल एक दिवस मंचावर येतं आणि उरलेलं वर्षभर फळ्यावर, पुस्तकात, गणिताच्या उदाहरणात त्याच्या जगातलं काहीच नसतं. शिवाय आपण त्याला नकळत नमुना बनवतो: "तुमच्यात असंच असतं ना?" हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी करून टाकतो.

ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या अमेरिकन अभ्यासिकेने १९९५ साली संस्कृतीशी जोडलेल्या अध्यापनाची मांडणी केली. त्या मांडणीत तीन गोष्टी एकत्र होत्या: मुलांनी अभ्यासात खरोखर पुढे जाणं, आपली संस्कृती न सोडता दुसरीतही वावरता येणं, आणि समाजातल्या विषमतेकडे चिकित्सक नजरेने पाहायला शिकणं. मुख्याध्यापकांच्या बैठकांत मी पाहिलं ते असं, की मधल्या गोष्टीवर तासभर चर्चा होते, तिसरी अवघड म्हणून सोडली जाते आणि पहिली कुणाच्या लक्षातही राहत नाही. ज्या शाळेत मुलाची भाषा भिंतीवर झळकते पण त्याला वाचता येत नाही, त्या शाळेने त्याचा सन्मान केला असं मी मानत नाही.

"घरीच वातावरण नाही हो"

शिक्षक खोलीत सर्वाधिक वेळा ऐकलेलं हे वाक्य. त्यात सहानुभूती असते, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण एकदा ते मान्य केलं की शाळेने करण्यासारखं काही उरत नाही. दोष घरात, आणि घर आपल्या हाती नाही. विषय संपला.

न्यूझीलंडमध्ये २००१ साली 'ते कोताहितांगा' नावाचं काम सुरू झालं. रसेल बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातले विद्यार्थी, त्यांचे कुटुंबीय, मुख्याध्यापक आणि शिक्षक अशा सगळ्यांना विचारलं: या मुलांच्या शिकण्यावर कशाचा परिणाम होतो? मुलांनी, घरच्यांनी आणि मुख्याध्यापकांनी मुख्यतः शिक्षकाशी असलेल्या नात्याकडे बोट दाखवलं. बहुसंख्य शिक्षकांनी मात्र मुलांकडे आणि त्यांच्या घरांकडे. मुलांना रोज भेटणारी माणसंच सांगत होती की आपल्या भेटण्याने फारसा फरक पडत नाही. मला यातलं हे सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

फरक पडतो. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना सांगण्यात आलं की वर्गातली काही मुलं यंदा चमकणार आहेत. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा अधिक दिसली. पुढे या प्रयोगावर बरीच टीका झाली आणि परिणाम किती मोठा यावर वाद राहिला. तरी शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते, हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही पटावं. कुणाला प्रश्न विचारला जातो, उत्तरासाठी किती वेळ थांबलं जातं, चुकल्यावर दुसरी संधी मिळते की "बस खाली" ऐकावं लागतं, यातून मूल आपली किंमत ओळखतं.

हा दोष कसा काढायचा? उपदेश करून निघत नाही, मी पुष्कळ केला. अमेरिकेतल्या टूसान शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. १९९२ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांचे शिक्षक त्यांच्या घरी गेले, पण तक्रार घेऊन नाही आणि समजूत घालायलाही नाही. ते शिकायला गेले. या घरात कोणतं ज्ञान आहे, हे पाहायला. शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार: एकेका घरात किती काय साठलेलं आहे हे त्यांना दिसलं आणि त्यावर त्यांनी वर्गातले धडे बांधले.

आमच्या शाळेत हे छोट्या प्रमाणावर केलं. एका वर्गशिक्षिकेच्या नोंदीत सहावीतली एक मुलगी 'गप्प, मागे' अशी होती. बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा ती शेजारच्या बाईंचा सरकारी अर्ज भरत बसली होती. आसपासच्या तीन घरांचा पत्रव्यवहार ती बघायची: दवाखान्याची कागदं, बँकेची पत्रं, सगळं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करून सांगायची. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्याबद्दल काही जाहीर केलं नाही, फक्त अर्जलेखनाचा धडा तिला वर्गासमोर मांडायला दिला. मुलगी तीच होती. बाईंची तिच्याकडे बघण्याची नजर मात्र पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही.

एक सावधगिरी. घरभेटी सक्तीच्या केल्या आणि त्यांचा तक्ता भरायला लावला की शिक्षक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासारखे वागू लागतात आणि घरं दार लावून घेतात. आधी कळवून, दोघांनी मिळून, दोन-तीनच घरांपासून सुरुवात करा. आणि त्या वेळेचा मोबदला म्हणून शिक्षकाचा एखादा तास वेळापत्रकात मोकळा करा. ते फक्त तुम्हीच करू शकता.

"बोलतो तर छान, मग लिहीत का नाही?"

हा गैरसमज महागात पडतो. मूल मैदानावर नवी भाषा सफाईने बोलतं, भांडतं, विनोद सांगतं. वर्गात मात्र विज्ञानाचा परिच्छेद पुढे आला की अडतं. शिक्षक निष्कर्ष काढतात: आळशी आहे. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ साली या दोन भाषा वेगळ्या करून दाखवल्या. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाची भाषा, जिच्यात 'कारण', 'परिणाम', 'याउलट' असे सांधे असतात, ती समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे जादा भाषेचा तास पहिल्या वर्षी देऊन दुसऱ्या वर्षी काढून घेणारी शाळा मुलाला अर्ध्या पुलावर सोडते. तो तास किमान आणखी काही वर्षं विषयशिक्षकांच्या सोबतीने चालू ठेवा.

यापेक्षा गंभीर चूक म्हणजे भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण समजणं. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतून घेतलेल्या बुद्धिमापन चाचण्यांवरून मतिमंद मुलांच्या वर्गात टाकलं होतं. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेकांची जागा तिथे नव्हतीच असं निघालं. यावरून झालेल्या खटल्यात १९७० साली तडजोड झाली आणि मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घेण्याचं राज्याने मान्य केलं. विशेष वर्गासाठी एखाद्या मुलाची शिफारस तुमच्यापुढे आली की पहिला प्रश्न हाच हवा: चाचणी कोणत्या भाषेत घेतली?

व्हरांड्यात घरची भाषा बोलल्याबद्दल दंड किंवा फळ्यावर नाव, हे तर लगेच थांबवा. मातृभाषेतून शिकवणं मुलाला सर्वांत सोयीचं, असं युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच मांडलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं २९वं कलम तर सांगतं की शिक्षणाने मुलाच्या मनात त्याच्या आईवडिलांबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल आणि संस्कृतीबद्दल आदर वाढवायला हवा.

आता माझी चूक. एका आईला शाळेची भाषा येत नव्हती. तिच्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल शिक्षकांच्या तक्रारी होत्या. मी त्यालाच मध्ये उभं केलं आणि म्हटलं, "आईला सांग." त्याने काय सांगितलं मला कळलं नाही. आई हसली, मान डोलावली, निघून गेली. पुढे समजलं की "बाई म्हणतात मी चांगला अभ्यास करतो" एवढंच तिला कळलं होतं. त्याचा राग आला नाही, माझा आला. मुलाला स्वतःच्याच तक्रारीचा दुभाष्या करणं क्रूर आहे. त्यानंतर आम्ही ती भाषा जाणणाऱ्या चार मोठ्या माणसांची यादी कार्यालयात लावली, त्यांना वेळेचं मानधन ठरवलं, आणि कुठल्याही मुलाला मोठ्यांच्या बैठकीत भाषांतर करायला लावायचं नाही असा नियम केला.

शिक्षेची वही वाचा

ही वही बहुतेक शाळांत असते आणि क्वचितच कुणी ती सलग वाचतं. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन एक दुपार बसा. नावं झाका आणि फक्त कारणं वाचा. ती दोन प्रकारची निघतील. एक, डोळ्यांनी दिसणारी: काच फोडली, वर्गातून न सांगता गेला. दुसरी, बघणाऱ्याच्या मतावर टेकलेली: उद्धट, उलट उत्तर, नजर चुकवतो, आवाज मोठा. आता नावं उघडा. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी कोणत्या मुलांच्या वाट्याला जास्त आल्या आहेत, ते पाहा. मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं हे एका घरात अदब असतं, दुसऱ्यात उर्मटपणा.

जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ गैरवर्तनांची नोंद वाचायला दिली. मजकूर तोच, काहींच्या कागदावर नाव कृष्णवर्णीय मुलाचं वाटेल असं, काहींच्या गोऱ्या मुलाचं. पहिल्या घटनेवर फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या घटनेला मात्र कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावासाठी शिक्षकांना जास्त त्रास वाटला आणि जास्त कडक शिक्षा योग्य वाटली. एका मुलाच्या दोन चुका सुट्या राहतात, दुसऱ्याच्या जोडून 'स्वभाव' बनतात.

वहीत बदल सोपा आहे. 'उद्धट' हा शब्द बंद. काय घडलं, कोणते शब्द बोलले गेले, आधी काय झालं होतं, एवढंच लिहायचं. कोणत्या तासाला आणि कुणाच्या वर्गात, हाही रकाना घाला. आमच्याकडे दोन तृतीयांश नोंदी जेवणाच्या सुट्टीनंतरच्या एकाच तासातल्या निघाल्या, आणि मग प्रश्न मुलांचा कमी व वेळापत्रकाचा जास्त होता. या नोंदी एखाद्या शिक्षकाला सर्वांसमोर अडचणीत आणायला मात्र वापरू नका. एकदा तसं केलंत की वहीत खरं काही लिहिलं जाणार नाही.

लहान दिसणाऱ्या, लगेच सुधारता येणाऱ्या गोष्टी

मुलाचं नाव नीट उच्चारा. अवघड वाटलं म्हणून तोडून सोपं करू नका, त्यालाच दोनदा म्हणायला सांगा. प्रवेश अर्जात 'वडिलांचं नाव' सक्तीचं असेल तर 'पालक' करा, आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांसाठी एकापेक्षा जास्त जागा ठेवा. परीक्षांच्या तारखा ठरवण्यापूर्वी सर्व मुलांच्या सणांची आणि उपवासांची यादी समोर असू द्या. पालकसभा कामाच्या वेळेत ठेवून "पालकांना रस नाही" असं म्हणू नका. रोजंदारीवर जाणाऱ्यासाठी ती सभा म्हणजे एका दिवसाची कमाई. सूचना लांबलचक पत्राने पाठवण्याऐवजी त्यांच्या भाषेत अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा.

एकाच्या खांद्यावर सगळं ओझं

शाळेत मागे राहणाऱ्या मुलांच्याच समाजातल्या एखाद्या शिक्षिका असतात. मग भांडण मिटवायला त्या, भाषांतराला त्या, पालकांना आणायला त्या, कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही त्याच. हे काम त्यांच्या तासांत मोजलं जात नाही आणि बढतीच्या वेळी आठवतही नाही. दोन-तीन वर्षांत त्या दमतात किंवा बदली मागतात, आणि शाळा पुन्हा शून्यावर येते. काम खरंच त्यांच्याकडेच द्यायचं असेल तर तास कमी करून, अधिकार देऊन, लेखी द्या.

एक दिवसाच्या प्रशिक्षणाचंही तसंच. नव्याचे नऊ दिवस तरी असतात, इथे संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी पाऊण तास, हातात आपल्याच शाळेच्या चार वह्या आणि हजेरीपट.

आणि वेळापत्रक. केनेथ लीथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली संशोधनाचा आढावा घेऊन मांडलं की शाळेच्या हातातल्या घटकांपैकी वर्गातल्या शिकवण्यानंतर मुलांच्या शिक्षणावर सर्वांत जास्त प्रभाव नेतृत्वाचा असतो. मला त्याचा रोजच्या कामातला अर्थ असा दिसतो: सर्वांत कसलेला शिक्षक कोणत्या तुकडीला द्यायचा, हे तुम्ही ठरवता. बहुतेक शाळा तो 'हुशार' तुकडीला देतात आणि नवखा उमेदवार 'कच्च्या' तुकडीला. एक वर्ष उलट करून पाहा.

"तुम्ही त्यांनाच डोक्यावर बसवता"

वरचं काहीही सुरू केलं की हे वाक्य येतं, शिक्षकांकडून आणि काही पालकांकडूनही. रागावू नका, आणि मूग गिळून गप्पही बसू नका. आकडे समोर ठेवा: हजेरी, नोंदी, वाचनपातळी. कुणालाही दोष न देता विचारा की यातलं कोणतं चित्र आपल्याला मान्य आहे. जो सर्वांत जोरात विरोध करतो त्याच्यावरच एका मुलाची पूर्ण वर्षभराची नोंद ठेवण्याची जबाबदारी द्या. माझ्या अनुभवात निम्मे तरी बदलतात. उरलेल्यांना नियम पाळावे लागतात, एवढं पुरे.

सहा महिने झाले आणि निकाल हलला नाही, तर प्रयोग फसला असं लगेच ठरवू नका. आधी बदल वर्गापर्यंत पोहोचला का ते तपासा. पुष्कळदा तो परिपत्रकातच अडकलेला असतो. मागच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहा: किती मुलांना प्रश्न विचारला गेला, त्यात मागे राहणाऱ्या गटातली किती, उत्तरासाठी किती सेकंद थांबलं गेलं. गुण सर्वांत शेवटी हलतात. त्याआधी हजेरी सुधारते, मग मुलं शंका विचारू लागतात, मग एखाद्या संध्याकाळी कधीच न आलेले पालक कार्यालयाच्या दारात उभे राहतात आणि "आत येऊ का?" विचारतात. त्या दिवशी खुर्ची रिकामी आणि दुभाष्या जवळपास असेल, याची तयारी आधीपासून ठेवा.